भोकाच्या पैशाचा वायसर

कुठलेही इंजिन समोर आले की तो आधी करंगळी खोबरेलात बुडवी, प्लगच्या बुडाशी एक थेंब सोडी आणि नाक टेकेल इतका वाकून बघत बसे. कोणी घाई केली तर म्हणे, "थेंब खोटा बोलणा नाय."

मालवण बंदरातल्या एका लाँचीवर तो ड्रायव्हर होता. म्हणजे सुकाणू तांडेलाच्या हातात आणि हा खाली इंजिनापाशी. वरून घंटा वाजली की वेग कमी-जास्त करायचा. राहायचा आमच्याच आळीत. तुमच्याही आळीत असा एक असेलच, ज्याच्याकडे स्टोव्हपासून शिवणयंत्रापर्यंत सगळे जाते. मी बोलू लागलो की तो माझ्या तोंडाकडे एकटक बघे. मी हायस्कुलात मास्तर. हा आपल्या विद्वत्तेचा आदर, असे मी धरून चाललो होतो.

नवे दशमान पैसे नुकतेच आले होते तेव्हाची गोष्ट. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मेहुण्याने परदेशातून खेळातले विमान आणले. खरे पेट्रोलचे इंजिन, दोन दोऱ्या धरून गोल गोल उडवायचे. मेहुणा परत बोटीवर गेला आणि विमान माझ्या ताब्यात आले. माझ्या पोटात काही राहत नाही. "रविवारी किनाऱ्यावर विमान उडणार" हे दोन दिवसांत गावभर झाले.

विमान मात्र उडेना. इंजिन जरा फुरफुरे आणि बसे. प्लग सैल आहे इतके मला कळले, म्हणून पक्कड घेऊन मी तो आवळत सुटलो. गरम असताना आवळला, दात-ओठ खाऊन आवळला. शेवटी मुकाट्याने त्याच्याकडे नेले.

त्याने थेंब सोडला, पंखा बोटाने हळू फिरवला. प्लगच्या बुडातून बुडबुडे आले.

"श्वास हयसून जाता. मास्तरांनू, हेचो वायसर खंय?"

"कसलो वायसर?"

"तांब्याचो. बारीकसो."

इंजिन साफ करताना एक तांब्याची कडी उरली होती. उरली म्हणजे जास्तीची, असे समजून मी ती माझ्या लेकीला, शकूला दिली होती. तिच्या बाहुलीच्या हातात ती कडे होऊन बसली होती. मी बाहुली घेऊन आलो. मागोमाग भोकाड पसरून शकू आली.

त्याने बाहुलीचा हात निरखला. "ऱ्हवांदे. लगीन झालेल्या बाहुलेचो हात रिकामो करू नये."

मग त्याने जुना भोकाचा पैसा काढला, कानशीने घासून बेताचा केला, चुलीत लाल करून पाण्यात टाकला. तांबे त्याने मऊ होते म्हणे. प्लग बोटांनी बसवला आणि पान्याने फक्त पाव आटा.

"तुमचो जोर कमी नाय पडलो," तो म्हणाला. "जास्त झालो."

रविवारी किनाऱ्यावर अर्धे मालवण लोटले. लाँचीचे मालकही आले. तो त्यांच्याकडे पाठ करून थेंब बघत होता.

"काय रे, माझ्या लाँचीपेक्षा ह्या लाडाचा दिसता!"

त्याने पंखा बोटाने आणखी जरा फिरवला.

"रे, तुका सांगतंय!"

मानही हलली नाही. मालकांचा चेहरा बदलला. "हेका आयकूक येता मां?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. माझ्या तोंडाकडे बघणे, तो थेंब, सगळेच. इंजिनाशेजारी जन्म काढून त्याचे कान गेले होते, आणि मालकांना हे कळले तर उद्यापासून तो घरी.

"शू, शेटांनू!" मी ओठांवर बोट ठेवले. "इंजिनाचो श्वास आयकता तो. मधी बोलू नकात."

मालक चक्क दोन पावले मागे सरले.

विमान उडाले. अकरा फेऱ्यांनी मला चक्कर आली, मी वाळूत बसलो आणि विमान सुरूच्या झाडात.

परतताना त्याने विचारले, "पाठसून मालक काय म्हणा होते?"

"काय नाय. काम बरा करता, म्हणा होते."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग हसला. "थेंब खोटा बोलणा नाय. मास्तर बोलतत."

पुढे कितीतरी वर्षे तो लाँचीवर होता. एकदा प्रवासात मी खाली डोकावलो, तर घंटेच्या दोरीचे टोक त्याच्या मनगटाला बांधलेले. तांडेलाने माझ्याकडे पाहिले, मी समुद्राकडे.

आता तो नाही. ही गोष्ट आमच्या बायकोलाही आज वाचूनच कळेल. इंजिन तेवढे माझ्या कपाटात आहे. कधीतरी मी करंगळी खोबरेलात बुडवतो, थेंब सोडतो, पंखा हळू फिरवतो आणि वाकून बघतो.

अजूनही एकसुद्धा बुडबुडा येत नाही.