गोठ्यावरचे माझे चार खिळे

धरणगाव तालुक्यात लोकांनी फेकलेली एकही वस्तू अशी नसेल, जी माझ्या थोरल्या मेहुण्यांनी एकदा तरी उचलून, झटकून, उलटीपालटी करून पाहिली नाही. त्यांच्यावर लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोने विचारलं की ‘वेळ मिळत नाही’ म्हणायचो. खरं कारण असं, की त्यांच्यावर लिहायचं तर त्यांच्या गोठ्याच्या छपरावर लिहावं लागणार, आणि छपरावर लिहायचं तर मला माझ्याबद्दल खरं बोलावं लागणार. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. सांगून टाकतो.

घरात सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही. आबा पिशवी घेऊन बाजाराला जात आणि परत येत तेव्हा पिशवीत भाजीऐवजी एखादी गंजकी बिजागरी असे. “मेथी कुठे आहे?” त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, विचारत. “मेथी उद्याही मिळेल. ही आजच होती,” आबा शांतपणे सांगत. एकदा भुसावळला एका लग्नात ते अक्षता पडायच्या आत गायब झाले. सापडले ते लिलावात निघालेल्या रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांपाशी, आणि त्यांच्या हातातल्या स्लीपरचं दुसरं टोक नवरदेवाच्या मामाने धरलं होतं, फेट्यासकट. घरी आणलेल्या वस्तूची ते सोयरीक जुळवावी तशी चौकशी करत. मूळ कुठली, कोणाकडे होती, का टाकली. मी हसलो की म्हणत, “जवाईबापू, ह्या जगमा टाकाऊ काहीच नही!”

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका उन्हाळी वादळात त्यांच्या गोठ्याचं छप्पर उडालं. दुसरा कोणी असता तर त्याने नवे पत्रे आणले असते. आबांच्या तोंडावर मात्र आनंद मावेना. इतकी वर्षं जमवलेल्या माणकांना अखेर कोंदण मिळणार होतं. रेल्वेच्या स्लीपरांचे खांब झाले. मोडीत निघालेल्या एका कापसाच्या जिनिंगचे नागमोडी पत्रे वर चढले. कमी पडले तिथे तंबूतल्या सिनेमाचा जाहिरातीचा पत्रा लागला. त्यावर कुठल्याशा नायकाच्या अर्ध्या मिशा होत्या, आणि म्हशीने वर पाहिलं की त्या थेट तिच्या डोळ्यांसमोर येत. शेजारचे नाना ओट्यावर बसल्या बसल्या ओरडले, “आबा, छप्पर करी ऱ्हायनात का गोधडी?”

“गोधडीच!” आबा वरून गरजले. “पण एक थेंब जरी खाले गळना, तर मी पुन्हा भंगारले हात लावाव नही!”

हे साऱ्या गल्लीने ऐकलं.

आम्ही तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, धुळ्याहून आलो होतो. माहेरवाशिणी झोक्यावर होत्या आणि जावई मंडळींना काही काम नव्हतं. त्या घरात जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलू देत नसत. मी कचेरीत खुर्चीवर बसणारा माणूस, पण त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे, शिडीला हात घातला. वहिनी खालून कळवळल्या, “अहो, जवाईबापूंना कुठे छपरावर चढवता! लोक काय म्हणतील?” आबांनी मला सगळ्यात सोपा कोपरा दिला, मोजून चार खिळे. प्रत्येक खिळ्याखाली घालायला जुन्या चपलेच्या रबराची चकती दिली आणि बजावलं, “खिळा उंचवट्यावर मारायचा. पन्हळीत नाही. पन्हळीतून पाणी वाहतं.”

उंचवट्यावर हातोडी घसरत होती. पत्रा तापला होता. पन्हळीत मात्र खिळा कसा छान बसत होता, खाली लाकूडच. मी चारही खिळे पन्हळीत ठोकले, वरून डांबर फासलं आणि खाली उतरलो. वहिनींनी माझं एवढं कौतुक केलं की मला स्वतःलाच ते खरं वाटलं.

राखीला पुन्हा गेलो तेव्हा पाऊस चालूच होता. त्याच कोपऱ्यातून कडब्यावर पाण्याची धार लागली होती. गोठ्यात गल्ली जमली होती आणि नानांना हसू आवरत नव्हतं. आबा वर चढले. शिडी मी धरली होती. वर डांबर खरवडल्याचा आवाज आला. ते खाली उतरले, हात पुसले आणि सगळ्यांना म्हणाले, “मन्हंच चुकनं. पत्रा जुना व्हता.”

चार भोकं, एका रांगेत, चारही पन्हळीत. तो कोपरा कोणाचा होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या घरात जावयाची चूक निघत नसते. मी तोंड उघडायला हवं होतं. मी राखीचं ताट आलं का ते पाहायला निघून गेलो.

आबांनी खिळे काढून उंचवट्यावर मारले, भोकं बुजवली. पुढे त्या छपरातून कधी थेंब गळला नाही. पण शब्द तो शब्द. जमवलेलं सगळं त्यांनी भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. त्यानंतर बाजारातून मेथी वेळेवर येऊ लागली. वहिनीच एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, “भाजी आणतात गं, पण सांगायला काही आणत नाहीत.”

तसे आबा पुढेही आनंदातच जगले. नातवंडं खेळवली, नानांशी भांडले. मी दर आखाजीला सांगायचं ठरवून जायचो आणि आमरस खाऊन परत यायचो. शेवटचा गेलो तेव्हा ते खाटेवर होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “आबा, तो गोठ्याचा कोपरा…” त्यांनी हात वर केला, हसले आणि म्हणाले, “जवाईबापू, गोठा चांगला शे. धुळ्यानं पाऊसपाणी सांगा.”

आणि मी त्यांना धुळ्याचं पाऊसपाणी सांगितलं. अर्धा तास. मग बसची वेळ झाली.

आबा, पत्रा चांगला होता. खिळे मी चुकीचे मारले, आणि गल्लीसमोर गप्प राहिलो. मला माफ करा.