भाचीच्या हळदीत मी अक्काचा हात झटकला

भाचीच्या हळदीला, वरपक्षाच्या देखत, मी अक्काचा, म्हणजे नवरीच्या आईचा, हात झटकला आणि ओरडलो, "तोंडाला हात लावू नकोस!" सगळ्यांनी एकच अर्थ काढला: मामाला हे लग्न पसंत नाही. मुलगा आमच्यातला नव्हता, सुरुवातीला मी थोडा कुरकुरलोही होतो, त्यामुळे अर्थ चपखल बसला. मी बसू दिला. लग्नभर अक्का माझ्याशी फक्त पानं वाढायला घेण्याबद्दल बोलली. दोन वर्षं झाली, भाचीनं मला एकदाही फोन केलेला नाही.

खरं कारण असं, की त्याच्या चारच दिवस आधी मी गालांत इंजेक्शननं फिलर भरून घेतलं होतं.

हसा, खुशाल हसा. बावन्नाव्या वर्षी माझे गाल वाळल्या वांग्यासारखे आत गेले होते. बंगळुराजवळच्या होसकोट्याच्या कारखान्यात नवा मॅनेजर रोज विचारायचा, "अंकल, तबियत ठीक है?" लग्नाच्या फोटोंत वधूचा मामा दवाखान्यातून सुटून आल्यासारखा दिसणार, ही धास्ती. म्हणून घरापासून लांब, शिवाजीनगरच्या पलीकडे एक क्लिनिक गाठलं. डॉक्टरीणबाईंनी नीट विचारलं होतं, "पुढच्या दोन आठवड्यांत काही फंक्शन?" लग्नासाठी नटायला आलोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हटलं, "छे, काही नाही."

मग हातात सूचनांचा कागद. गाल चोळायचे नाहीत, दाबायचे नाहीत. डोकं उंच ठेवून उताणं झोपायचं. सुरुवातीला घाम गाळायचा नाही, उष्णतेपाशी बसायचं नाही, दारू नाही. सूज, निळे डाग आठवडा-दोन आठवडे राहू शकतात. कातडी पांढरी पडली, फार दुखलं किंवा अंधुक दिसलं, तर लगेच यायचं. बाकी सगळं जमलं. पण अक्का दोन्ही तळव्यांना हळद चोपडून, "ये रे, तुझाही रंग उजळू दे," म्हणत गाल धरायला आली, आणि मला तो कागद तेवढा आठवला.

गेल्या रविवारी राजाजीनगरला तिच्या घरी गेलो. ती अवरेकायीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"गालात? इंजेक्शन?" तिची शेंग हातातच राहिली. "कुठल्या?"

"दोन्ही."

"बरं झालं, एकच गाल फुगवून आला नाहीस. दुखतं का?"

"स्वल्प. आधी बधिर करायचं मलम लावतात."

"टिकतं किती?"

"वर्षभर. कुणाचं कमी, कुणाचं जास्त. माझं उतरलं."

"ते दिसतंय. आणि बिघडलं तर?"

"मी घेतलं त्या जातीचं फिलर विरघळवायचं औषध असतं. डॉक्टरच देतात."

तिनं दोन शेंगा सोलल्या. "कपाळाच्या रेघांना चालतं?"

"का गं?"

"सहज." मग तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. "म्हणजे जावई तुला नावडता नव्हता?"

"नाही गं. भला पोरगा आहे."

"पोरगी अजून नवऱ्याला समजावते, मामा आले नाहीत तर मनाला लावून घेऊ नकोस. आणि तू गाल सांभाळत बसलास?"

"लाज वाटली, अक्का."

"लाज! आल्बम बघ एकदा. मांडवात खून करून आल्यासारखा उभा आहेस. त्यापेक्षा आजारी बरा दिसला असतास."

तिनं पदराला हात पुसले, फोन लावला आणि माझ्यापुढे धरला. "मी सांगणार नाही. तू सांग. आणि 'गैरसमज झाला' असलं गुळमुळीत नको. गाल म्हण, इंजेक्शन म्हण."

"हां, आई?" भाची म्हणाली.

"मी मामा बोलतोय."

तिनं फोन ठेवला नव्हता, एवढं कळत होतं. अक्का कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"तुझ्या हळदीच्या चार दिवस आधी," मी म्हटलं, "मी माझ्या गालांत इंजेक्शनं घेतली होती."