ओल्या बॉनेटवर कापूस

आज रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या गाडीवर कापूस पडला. तो मुद्दाम पाडला गेला, असा माझा संशय आहे.

आठवडाभर पॉलिश पेपरने घासून, काचांवर वर्तमानपत्रं चिकटवून, माझी जुनी गाडी आज मी अंगणात पहिल्यांदाच स्वतः रंगवली. बॉनेटवर शेवटचा हात दिला आणि वरून तंतू उतरू लागले. भाव वाढायची वाट पाहत घरात कापूस साठवलेले शेजारचे भाऊसाहेब गच्चीवरून रिकामी पोती झटकत होते.

"भाऊसाहेब, रंग ओला आहे."

"वाऱ्याले मी काय करू, मॅडम? म्या त सांगतलं होतं, आमच्या भाच्याच्या गॅरेजात टाका म्हून."

भाच्याला मी नकार दिला, ते भाऊसाहेबांना अजून खुपतं आहे तर.

मग त्यांची मोटारसायकल दिसली. बारा महिने उघड्यावर उभी असते. आज तिच्यावर ताडपत्री होती, चारही कोपरे बांधलेली.

"हिला कधीपासून थंडी वाजायला लागली?"

"तुमी त मास्तरीणच राह्यल्या," म्हणत ते आत गेले.

राहिलेच. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर वहीवर डाग दिसला की कारण लिहून मागायच्या. मीही तेवढंच मागते. तुम्हीच सांगा, वारा अचानक आला असेल, तर ताडपत्री त्याच्याआधी कशी आली?

भाऊसाहेब आपल्या कॉलनीच्या या ग्रुपवर आहेत आणि सगळं वाचतात. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला लेखी उत्तर हवं. तोवर बॉनेटवरचा कापूस मी काढणार नाही.