नवा मका

कुठे भुट्टे उकडल्याचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. जिवतीकडच्या डोंगरातली आमची आश्रमशाळा, सप्टेंबरची अखेर आणि कार्यक्रम ‘जगातले सण’. आमच्या वर्गाच्या वाट्याला मेक्सिको आला होता. तिथले शेतकरी या दिवसांत शेताच्या कोपऱ्यांवर पिवळ्या रानफुलांचे क्रूस लावतात, देवाचं नाव घेतात आणि मगच नवा मका खातात, हे माझ्या गोंड मैत्रिणीने पाहुण्यांसमोर सांगायचं होतं आणि शेवटी भुट्टा खाऊन दाखवायचा होता. आदल्या दुपारी तालमीत तिने वाफाळता भुट्टा हातात घेतला आणि थांबली. "सर, मले नाई खाता येत. घरी देवाले नवं दाखवलं नाई अजून." सर हसले, "काऊन, भुट्ट्यात भूत आहे का वं?" पोरं खिदळली. ती म्हणाली, "मंग मेक्सिकोवाले काऊन थांबतात?" सर भडकले. "ती त्यांची संस्कृती आहे, ही तुमची अंधश्रद्धा! खा, नाही तर उतर खाली." तिने भुट्टा टोपलीत ठेवला आणि ती उतरली. दुसऱ्या दिवशी तिचं भाषण सरांनीच वाचलं. नव्या पिकाआधी देवाला आठवणाऱ्या त्या दूरच्या शेतकऱ्यांसाठी पाहुण्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. ती सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभी होती. आता मी आदिवासी हक्कांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. कुणी म्हणतं, ताई, भाषा जरा सौम्य ठेवा, तेव्हा मला त्या टाळ्या ऐकू येतात आणि मी एक शब्दही खोडत नाही.