पिवळ्या फडक्यातली पोलादी पट्टी

मे महिन्यातली दुपार. बाहेर अमरावतीचं अंगावर धावून येणारं ऊन, खिडकीत कूलरची घरघर, भिजलेल्या वाळ्याचा तो थंड, मातकट गंध… आणि या सगळ्याच्या मधोमध, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या, आत पिसं भरलेल्या काळ्या जाकिटात हनुवटीपर्यंत बंद झालेला मी! चेन वर गेली ती सुरळीत गेली. खाली येताना मात्र नरड्याशी अडकून बसली. डोक्यावरूनच काढावं म्हटलं, तर दोन्ही हात वर आणि तोंड आत अशा अवस्थेत मी कपाटावर जाऊन आपटलो.

"अहो, काय करून राहिले तिकडे?" आतल्या खोलीतून शुभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा आवाज आला.

"माप पाहून राहिलो," मी जाकिटाच्या आतून म्हणालो.

"फ्रिजवरची मेणबत्ती घ्या अन् या इकडे. पडू नका, या घरात एकच जण पडायचा कोटा होता, तो माझ्याच्यानं संपला."

पलंगावर प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती बसली होती. मला समोर बसवून ती चेनच्या दातांवर मेणबत्ती घासू लागली. "मान वर करा. वर! भूगोलाच्या मास्तरले चेन लावता येत नाही अन् चालले कॅनडाले." शुभा मूळची अकोल्याची, थट्टा करायची असली की ती हटकून वऱ्हाडीवर येते. दहा मिनिटांनी चेन सुटली, आणि मी भिजवलेल्या हरभऱ्यासारखा जाकिटातून बाहेर आलो. ती खूप हसली. मग हसता हसता तिचं लक्ष कोपऱ्यातल्या दुसऱ्या पिशवीकडे गेलं… तिकडच्या ऑक्टोबरातल्या थंडीसाठी जाकिटं दोन मागवली होती. तिचं, मरून रंगाचं, पिशवीतून बाहेरही निघालं नव्हतं.

खरं तर जायचं होतं आम्हा दोघांना. मुलगी विनिपेगला असते, जूनमध्ये तिचं पहिलं बाळंतपण. व्हिसा दोघांचे, तिकिटं दोघांची, आणि पाच महिन्यांच्या त्या मुक्कामात माझं काम ठरलं होतं फक्त बॅगा उचलण्याचं. पण लेकीसाठी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणायला गेलेली शुभा जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरली, घोट्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. जावयाला आई नाही. मग उरलो मी! तीस वर्षं फळ्यावर टांगलेल्या नकाशात छडीनं कॅनडा दाखवला, पण स्वतः महाराष्ट्राची सीमा ओलांडली ती बऱ्हाणपूरपर्यंत, तीही एका लग्नासाठी. असा माणूस साठवलेली सगळी रजा टाकून लेकीच्या बाळंतपणाला चालला होता.

पलंगावरूनच शुभानं माझं शिक्षण सुरू केलं. अळिवाची खीर तीनदा लागली, चौथ्यांदा जमली. डिंकाचे लाडू वळले, ते वळण्यापेक्षा फोडणं कठीण होतं. बाळाला न्हाऊ घालायचा सराव लोडावर झाला. "मान धरा, मान! पाय काय धरता?" ती ओरडायची, आणि मी लोडाची मान शोधायचो. दिवसभर हसणं चालायचं. संध्याकाळी मात्र दोघंही कॅलेंडरकडे पाहत बसायचो. इतक्या वर्षांत पाच दिवसही आम्ही कधी वेगळे राहिलो नव्हतो, आणि हे दोघांपैकी कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या सुमनकाकू पंचांग घेऊन आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण गल्लीतल्या कुणाचा प्रवास त्यांना विचारल्याशिवाय होत नाही. "रविवारी विमान? अमावस्या आहे रे! ते काही नाही, गुरुवार चांगला आहे. माझ्याकडे प्रस्थान आणून ठेव."

मुहूर्ताच्या दिवशी निघणं शक्य नसलं, तर प्रवासाला जाणाऱ्याची एखादी नेहमीची वस्तू, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ एका फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. हे प्रस्थान. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग प्रत्यक्ष जाताना ते गाठोडं उचलायचं आणि मागे न वळता पुढे जायचं. माझ्यातला भूगोलाचा मास्तर हसण्याच्या बेतात होता. पण माझा हात मला न विचारताच टेबलाच्या खणात गेला आणि सहा इंचांची एक जुनी पोलादी पट्टी घेऊन बाहेर आला. त्या पट्टीला अजूनही, की मलाच वाटतं ते, मशीनच्या तेलाचा वास येतो…

तो वास अकोल्याचा. माझे बाबा तिथल्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे दुरुस्त करायचे ते. जिनिंगच्या भिंतीला लागूनच कामगारांच्या खोल्यांची लाइन, तिच्यात आमच्या दोन खोल्या. हिवाळाभर भिंतीपलीकडून रेच्यांची धडधड यायची, ताटातल्या वरणावरही कापसाचे तंतू येऊन बसायचे, आणि संध्याकाळी बाबा घरी आले की त्यांच्या पापण्या, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं असायचं. आई म्हणायची, "रोज म्हातारे होऊन येता अन् तोंड धुतलं की तरणे होता." त्यांच्या खिशाला पेनासारखी ही पट्टी खोचलेली असे. ते तिच्यानं रेच्याच्या पात्यांमधलं अंतर मोजत, आणि रविवारी, मला दाराशी उभं करून, माझी उंची.

मी नऊ वर्षांचा असताना त्यांना टांझानियाला जायचं ठरलं. तिथे नवं जिनिंग उभं राहत होतं, आणि मशिनी जोडायला माणूस हवा होता. आठ महिने! आमच्या लाइनीतून कुणी नागपूरच्या पुढे गेलेलं नव्हतं. घराला एकदम वेगळाच वास यायला लागला… पत्र्याच्या नव्या ट्रंकेला दिलेल्या रंगाचा, भाजलेल्या जवसाचा, ताप येऊ नये म्हणून टोचलेल्या सुईच्या स्पिरिटचा. परदेश म्हणजे थंडी, असा सगळ्यांचा ठाम समज, म्हणून समोरच्या वकीलकाकांनी आपला जाड लोकरी कोट बाबांना दिला. तो घालून बाबा भर उन्हाळ्यात घामाघूम होऊन उभे, आणि आई पाठीमागून शिवण सोडून पाहतेय. (आता कळलं ना, जाकिटात अडकणं हे आमच्या घराण्यातच आहे!) पुढे तो कोट आठ महिने तिथल्या खिळ्याला टांगून राहिला, कारण टांझानियातलं ते गाव अकोल्याच्या तोडीस तोड तापत होतं.

बाबांचा मुहूर्त सोमवारचा आणि गाडी गुरुवारची. म्हणून सोमवारी आईनं हळदीत बुडवून वाळवलेल्या फडक्यात सुपारी, हळकुंड, तांदूळ आणि बाबांची ही पट्टी बांधली, आणि ते गाठोडं वकीलकाकूंच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात जाऊन बसलं.

"आता बाबा कधी जाणार?" मी विचारलं.

"निघाले ते," आई म्हणाली.

"पण ते तर इथेच बसून राहिले. आंबा खाऊन राहिले."

"निघाले म्हटलं ना. आता फक्त जायचे राहिले."

ते तीन दिवस मी विसरू शकलेलो नाही. बाबा घरात होते, पण आई त्यांना पाहुण्यासारखं वाढायची, भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच पडायची. ते कुठे बसले की मी जवळ जाऊन बसे, आणि मग वाटे की हे नाहीतच इथे, ज्यांच्या खिशात पट्टी नाही असे हे कुणी दुसरेच… ते दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत हिंडले, मला भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला शिकवलं, आणि मी मनाशी काहीतरी ठरवून टाकलं. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला ना? मग वस्तू परत आली तर?

बुधवारच्या दुपारी वकीलकाकू वाळत्या सरगुंड्यांची, काडीवर वळलेल्या त्या शेवयांची, राखण करता करता ओसरीवर पेंगत होत्या. मी आत गेलो, गाठोडं उचललं, सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं आणि तापल्या रस्त्यावरून अनवाणी धावत सुटलो. पोटाला ती पट्टी गार लागत होती. घरी आल्यावर कोठीतल्या ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून गाठोडं खोल पुरलं. मग पडून राहिलो, आणि किती दिवसांनी इतकी गाढ झोप लागली! बाबा आता जाणार नव्हते.

गुरुवारी कोनाडा रिकामा. वकीलकाकू रडकुंडीला आल्या, आईचा चेहरा उतरला. बाबा मात्र हसले. "उंदरानं नेलं असंन सुपारीपायी," म्हणाले, आणि ट्रंक टांग्यात चढवली. मी धावत गेलो. "बाबा, आता कसे जाता? गाठोडं नाही ना!" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "काहून रे?" एवढंच म्हणाले, डोक्यावर हात ठेवला, आणि टांगा निघाला… गाठोडं आमच्या घरात होतं आणि बाबा नव्हते. एवढी साधी गोष्ट, पण तेव्हा ती माझ्या मुळीच लक्षात येईना.

मग भीती सुरू झाली. बाबांना मी मुहूर्ताशिवाय पाठवलं होतं. पहिलं पत्र दीड महिन्यानं आलं, निळ्या पातळ कागदावर. त्यात ताप येऊन गेल्याचं लिहिलेलं. तो ताप माझ्यामुळे आला याविषयी मला शंकाच नव्हती. कोठीत हात घालून पाहिलं तर गाठोडं हाताला लागेना. कुणाला विचारणार? शाळेतून येताना मी वकीलकाकूंच्या घरासमोरून मान खाली घालून जाई. रेचे बंद असलेल्या त्या पावसाळ्यात घरात फक्त मी चावी दिलेल्या घड्याळाचा आवाज असे, आणि आईच्या बांगड्यांचा. मग बाबांचं तिसरं पत्र आलं. शेवटची ओळ होती– 'पट्टी घरीच आहे हे वाचून बरे वाटले.' मी आईकडे पाहिलं. ती ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "हातपाय धुऊन ये, जेवायले वाढते."

आठ महिन्यांनी, ऐन कापसाच्या दिवसांत बाबा परत आले. वाळलेले, काळवंडलेले. त्यांनी चहा घेतला, आणि आईनं कोठी उघडून तळातून गाठोडं काढलं. ज्वारी जसजशी उतरत गेली तसतसं ती ते खाली सरकवत राहिली होती. बाबांनी गाठ सोडली, पट्टी खिशाला खोचली, एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी गेलोच नव्हतो की," ते म्हणाले.

आई पदर तोंडाशी धरून आत निघून गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

ती लाइन आता नाही, जिनिंगही नाही; तिथे गोदामं आहेत. शेवटच्या वेळी बाबांनी प्रस्थान वगैरे काही ठेवलं नाही, एका सकाळी दाढी करता करता निघून गेले. वर्षभरात आईही गेली. माझ्याकडे ही पट्टी तेवढी राहिली.

गुरुवारी ती पिवळ्या फडक्यात बांधून सुमनकाकूंच्या कोनाड्यात ठेवून आलो, आणि संध्याकाळी ही सगळी गोष्ट शुभाला पहिल्यांदाच सांगितली. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आईंनी तुम्हाला रागावलं नाही कधी?"

"कधीच नाही."

"कशा रागावतील," ती म्हणाली, आणि पाय उशीवर नीट करून भिंतीकडे वळली.

शुक्रवार, शनिवार… मी घरात होतो, पण निघालेला. भाकरीवर तूप जास्त पडत होतं. प्लास्टर निघालं होतं, वॉकर आला होता. पण डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच. तिची बहीण सोबतीला रविवारी दुपारी अकोल्याहून येणार होती. शुभा बसल्या जागेवरून माझ्या बॅगा पुन्हा पुन्हा भरवून घेत होती, आणि आम्ही दोघंही विमानाच्या वेळांविषयीच बोलत होतो.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तो नागपूरची गाडी दाराशी येऊन उभी. गाठोडं घ्यायला निघणार, एवढ्यात सुमनकाकूच सडा घातलेल्या ओल्या अंगणातून फाटकापर्यंत आल्या. "अरे, कोनाड्यात नाही रे गाठोडं! आत्ता तर पाहिलं होतं मी, फुलं तोडायला मागे गेले होते तेवढीच…"

मी शुभाला सांगायला मागे वळलो आणि उंबऱ्यातच थांबलो. फरशीवर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ओल्या काळ्या मातीचे छोटे छोटे गोल ठसे उमटले होते… चार ठसे, मग एक पाऊल, पुन्हा चार ठसे. वॉकर भिंतीला टेकलेला होता. शुभा पलंगावर बसून माझा टॉवेल घडी करत होती. तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, आणि कपाळावरचा घाम तिनं पुसलाही नव्हता.

तिनं टॉवेल बॅगेत कोंबला आणि चेन लावली.

"उंदरानं नेलं म्हणा काकूंना," ती म्हणाली. "अन् निघा आता. पोरगी वाट पाहून राहिली."