हिरव्या घोड्याच्या गाण्याचा अर्थ

मी चांदवडचा. इंग्रजी आमच्या शाळेत फळ्यावरच राहिलं. पण आवाज काढायला मला भाषा लागत नाय. सरपंच, रिक्षावाला, प्रेशर कुकर, सगळे काढतो.

पंचवटीत ज्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो, त्या काकांकडे साठच्या दशकातल्या एका इंग्रजी रॉक गाण्याची कॅसेट होती. त्यांच्या हॉस्टेलच्या दिवसांपासूनची. मी ते गाणं हुबेहूब म्हणायला लागलो आणि काकांना वाटलं, पोराला यातलं कळतं. दर रविवारी चहाला बोलवायचे आणि अर्थ विचारायचे.

गाणं असं, की एक माणूस दार वाजवतोय. आत ती आहे. खिडकीत हिरवा घोडा. बस. शब्द काकांना माझ्यापेक्षा जास्त कळायचे, अडायचं ते पुढं. हॉस्टेलातले मित्र म्हणायचे, हे गांजाचं गाणं. कुणी म्हणायचं, लढाईचं. मी दर वेळी नवा अर्थ द्यायचो. घोडा म्हणजे विमा एजंट, हे सरपंचाच्या आवाजात. काका हसून हसून चहा सांडायचे.

मग ते आजारी पडले. शेवटच्या आठवड्यात मला जवळ बसवून म्हणाले, "शेवटी ती दार उघडते का रे?"

मी फोनवरच्या बाईच्या आवाजात म्हटलं, "आपण ज्यांचं दार वाजवत आहात, त्या सध्या व्यस्त आहेत."

हसले. मग म्हणाले, "नाही, खरं सांग."

उद्या सांगतो म्हणून मी सटकलो. ते चार दिवसांत गेले. मधल्या दिवसांत मी खाली उतरलोच नाय.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून नुसता बघत होता. काकांच्या मुलानं हात जोडून सांगून पाहिलं, आईला सांभाळीन, घर विकणार नाही, झाडांना पाणी घालीन. कावळा ढिम्म. तासभर झाला. मग काकू माझ्याकडं वळल्या.

"तुला काहीतरी विचारत होते ना ते? सांग त्यांना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं झालो, हात जोडले. कुठल्या आवाजात बोलायचं तेच सुचेना. शेवटी कसंबसं म्हटलं, "उघडते, काका. ती दार उघडते."

कावळ्यानं मान वाकडी केली आणि पंख खाजवले.

गुरुजींनी मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. चालतं तसं, म्हणाले. सगळे आंघोळीला उतरले.

घरी येताना काकूंनी हळूच विचारलं, "खरंच उघडते?"

संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलवून कॅसेट लावली. शेजारी बसल्या. गाणं शेवटाला आलं. तो दार वाजवतोय, वाजवतोय, आणि त्या काळातल्या गाण्यांचं असतं तसं, नीट संपतच नाय. आवाज बारीक बारीक होत जातो. मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. नुसती खरखर मोठी झाली.

काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या.