वारा लागू नये म्हणून

आदिलाबादच्या वाटेवर, तामसीच्या अलीकडच्या एका गावात पोळ्याचं तोरण पहिल्यांदा ओलांडायचा मान चंपतरावांच्या घराचा. मिळायचं काही नाही. वर्षातून एका संध्याकाळी, मारुतीच्या पारापुढं साऱ्या गावाच्या जोड्या थांबलेल्या असताना आपली जोडी आधी आंब्याच्या पानांखालून न्यायची, एवढंच. पण कासरा मानकऱ्याच्याच हातात हवा. तो जिवंत असताना मुलगा चालत नाही. मानकरी हजर नसला, तर मान पुढच्या घरी जातो आणि गेलेला परत येत नाही.

पुढचं घर दादाजींचं. दादाजी म्हणजे चंपतरावांचा लहानपणापासूनचा जिवाचा मित्र. एका ताटात जेवलेले, एकाच मांडवात नवरदेव झालेले.

एक्याण्णव साली श्रावणात चंपतरावांचा उजवा गुडघा धरला. काठीशिवाय पाऊल टाकवेना. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कासरा, असं स्वतःचं रूप त्यांना जेवतानाही दिसायचं.

"लंगडत गेला तं लोकं झडतीत गातीन तुले," दादाजी म्हणाले. पोळ्यात हाळी देऊन म्हणायच्या त्या टोमण्यांपुढं कोणी टिकत नाही. "माया भाच्यानं आदिलाबादले लॉज काढला. मालिशवाला हाये, वाफेची पेटी हाये, खाली जेवाचं हाटेल. दोन रात्री राहू. पोळ्याच्या सकाळच्या बशीनं वापस."

चंपतरावांची बायको जयवंताबाई चुलीपुढून म्हणाल्या, "बैलायची खांदमळणी सोडून सोताची करून घ्याले चाल्ले का तुमी?"

"वयनी, यायले नवरदेवावानी आणून देतो," दादाजी हसले.

लॉजवर दादाजींचा भाचा नागनाथ दारातच पाया पडला. चंपतरावांना त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं, पण तोंडात 'मामा' शिवाय शब्द नव्हता. मामा, उशी मऊ आहे ना? मामा, भाजीत तिखट कमी करू? खालच्या हॉटेलात तेलुगू, उर्दू, मराठी एकाच टेबलावर बसून इडली खात होते, आणि चंपतरावांच्या ताटात मात्र न मागता ज्वारीची भाकर आली. जन्मात कोणी त्यांचं इतकं केलं नव्हतं.

मालिश करणारा म्हातारा पहेलवान होता. सारे त्याला उस्ताद म्हणत. त्याचा अंगठा गुडघ्याच्या वाटीखाली शिरला की चंपतरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मागाहून तिथं ऊब पसरायची. मग वाफेची पेटी. धड आत, डोकं तेवढं वरच्या भोकातून बाहेर. समोरच्या आरशात त्यांना आपलं डोकं कुणीतरी फळीवर आणून ठेवल्यासारखं दिसलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दादाजी म्हणाले, "माया बैलाचे शिंगं रंगवाचे राह्यले. मी निंगतो. तू सकाळी ये." चंपतरावांना त्यात वावगं वाटलं नाही. ते बाजेवर पडले. याच वेळी घरी आपला मुलगा खुशाल बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत असेल, कानात म्हणत असेल, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.

सकाळी ते टोपी घालून तयार झाले, तर उस्ताद तेलाची वाटी घेऊन उभा.

"दादाजीमामा सांगून गेले," नागनाथ म्हणाला. "शेवटचा हात चांगला बसला पाह्यजे."

दादाजींची ही काळजी पाहून चंपतराव पुन्हा आडवे झाले. तेल झालं, वाफ झाली. उस्ताद निघून गेला. ते पिशवी उचलू लागले, तसा नागनाथ दारात आला.

"मामा, आता वारा लागला तं गुडघा जलमाचा जाईल. तुमीच सांगत असता म्हणे गावाले."

ते खरंच होतं. तेल-शेकानंतर वारा लागू द्यायचा नाही, हे चंपतरावांनी गावातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी बजावलेलं होतं.

"दुपारी जीप काढतो. काचा लावून नेतो."

चंपतराव कानाला उपरणं बांधून खिडक्या लावलेल्या खोलीत बसून राहिले. दुपारी नागनाथनं पुरणपोळी वाढली. ड्रायव्हर जेवायला गेलाय, असं तो म्हणाला. मग म्हणे, ड्रायव्हर टायर पाहायला गेला. उन्हं कलायला लागली तेव्हा उस्ताद आत डोकावला.

"तुम्हारा आज त्योहार है ना? गये नहीं?"

"जीप येऊन राह्यली."

"जीप तो सुबह सवारी लेके निर्मल गयी." म्हातारा दारातच थांबला. "जाने के दिन मैं किसी को तेल नहीं लगाता. तुम्हारे दोस्त बोलके गये, ये और दो दिन रुकेंगे."

चंपतराव उठले. कानाचं उपरणं सोडलं. खाली नागनाथ कुणाला तरी हसून पाणी देत होता.

बसच्या खिडकीला काच नव्हती. साऱ्या वाटेभर वारा गुडघ्यावर येत होता. फाट्यावर उतरून ते चालू लागले आणि वेशीशी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की काठी लॉजवरच राहिली. पारापुढं तोरणाची पानं चिखलात तुडवलेली होती.

ते अंगणात पोचले तेव्हा मानाची जोडी, तोरणानंतर दारोदार जायच्या रीतीप्रमाणे, त्यांच्याच दारी पूजेला आली होती. शिंगांवर बांधलेलं सजावटीचं मखर, कासरा दादाजींच्या हातात. जयवंताबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात तशाच उभ्या होत्या. खुशाल भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"काऊन, दादाजी?"

दादाजींनी मान खाली घातली नाही. "जनमभर तुया बैलाच्या शेपट्या पाह्यल्या, चंपत. एक डाव मोकळं तोरण पाहाचं होतं."

"मांगतला असता तं देला असता मी."

"म्हणून तं मांगतला नाई."

दारी आलेल्या बैलाला कोरडं परत पाठवत नाहीत. चंपतरावांनी बायकोच्या हातून तांब्या घेतला आणि बैलाच्या पायांशी उकिडवे बसले. गुडघा पुरता मिटला. कुठं कळ नाही, की कुरकुर नाही. इतका वारा लागूनही तो बरा झाला होता. त्यांनी एकेक खूर धुतला, आणि दादाजींच्या पायांवर शिंतोडे उडू नयेत म्हणून पाणी जपून ओतलं.